मिठीकाठी पक्षीनिरीक्षण कोठून सुरू करावे, आणि दिसणाऱ्या पक्ष्यांवरून नदीबद्दल काय समजावे?

प्रश्न : कुर्ल्याचा रहिवासी

नमस्कार मंडळी. मी कुर्ल्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज मिठीवरचा पूल ओलांडून वांद्रे-कुर्ला संकुलात जातो. रिक्षा पुलावर अडकली की नाकाला रुमाल लावायचा आणि सिग्नल सुटण्याची वाट पाहायची, एवढाच आजवर माझा आणि या नदीचा संबंध होता. दिवाळीनंतर मात्र पुलाखालच्या काळ्या, उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे, काळ्या पंखांचे आणि पांढऱ्या पोटाचे पक्षी थव्याने उभे असलेले दिसू लागले आहेत. त्यांच्या आसपास बगळे असतात, आणि काठाच्या दगडांवर शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवणारे लहान तपकिरी पक्षीही असतात. त्यांचे नाव मला अद्याप कोणी सांगू शकलेले नाही. माझी मुलगी पाचवीत आहे. तिला या पक्ष्यांचे वेडच लागले असून रविवारी सकाळी तिला घेऊन नीट पाहायला जावे, असा विचार आहे.

माझ्या शंका अशा आहेत. मिठीच्या काठाने लहान मुलाला घेऊन उभे राहता येईल अशी जागा आहे का, की सरळ बोरिवलीला जाऊन दहिसर नदीचा वरचा भाग गाठावा? दिवसाची कोणती वेळ धरावी? मी काही सकाळी गेलो तेव्हा पक्षीच पक्षी होते, तर काही सकाळी, तीच वेळ असूनही, पाण्याखेरीज काहीच दिसले नाही. यामागे काही नियम आहे का? आणि शेवटची शंका अशी की, इतके पक्षी येऊ लागले म्हणजे नदी सुधारू लागली, असे आमच्या सोसायटीतले बरेच जण म्हणतात. ते कितपत खरे आहे?

उत्तर १ : खाडीकाठ

तुम्ही वर्णन केलेला पक्षी म्हणजे शेकाट्या. गुलाबी पाय, सुईसारखी सरळ काळी चोच आणि उडताना शेपटीच्या मागे लोंबणारे लांब पाय, या तीन गोष्टी जुळल्या की दुसरी शक्यता उरत नाही. ज्यांची पाठ काळ्याऐवजी तपकिरी दिसते त्या माद्या किंवा त्याच वर्षीची पिल्ले असतात.

पक्षी कधी दिसतात आणि कधी नाहीत, याचे उत्तर घड्याळात नसून भरती-ओहोटीत आहे. माहीमच्या खाडीतून शिरणारे भरतीचे पाणी संकुलाच्या परिसरापर्यंत वर चढते. भरती पूर्ण असताना चिखल पाण्याखाली जातो आणि चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी दुसरीकडे निघून जातात किंवा तिवरांत बसून राहतात. ओहोटी लागली की हळूहळू चिखल उघडा पडतो आणि पंगत बसते. आमच्या माहीमच्या जुन्या मंडळींना यासाठी कधी तक्ता लागला नाही. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. मिनिटांचा हट्ट धरू नये, परंतु रविवारची सकाळ ठरवायला एवढे पुरेसे आहे.

याचा अर्थ असा की त्रयोदशीपासून पुढच्या तृतीयेपर्यंतचे दिवस तुमच्यासाठी सर्वांत सोयीचे. त्या दिवसांत पहाटे ते सकाळी आठपर्यंत केव्हातरी पाणी तळाला गेलेले असते. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप खाली जाते आणि भरपूर चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा पाण्याचा चढउतारच कमी असतो आणि सकाळी सहाला भरती असल्यामुळे नऊपर्यंत फारसे काही हाती लागत नाही. माझ्या मते खरी गंमत पाणी तळाला असताना नसते, तर ते चढू लागल्यावर असते. वर येणारे पाणी दूरच्या चिखलावरचे पक्षी रेटत रेटत काठाकडे आणते आणि दुर्बिणीशिवायही त्यांचे डोळे दिसू लागतात.

अशा वेळी शेकाट्यांपेक्षा लहान बगळ्यावर लक्ष ठेवायला मुलीला सांगा. त्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळेधमक असतात. तो उथळ पाण्यात एक पाय पुढे टाकतो, पंजा चिखलात थरथरवतो, क्षणभर थांबतो आणि मग त्या ढवळलेल्या पाण्यातून बाहेर निसटू पाहणारे मासे टिपतो. गायबगळ्याची चोच पिवळी असते आणि तो पाण्यापेक्षा काठावरच्या कचऱ्यात व गवतात अधिक रमतो. चिखलाच्याच रंगाचा, मान आखडून बसलेला आणि तुम्ही जवळ जाताच एकदम पांढरेशुभ्र पंख उघडून उडणारा पक्षी म्हणजे ढोकरी. एवढे तीन ओळखता आले तरी पहिल्या महिन्याची शिदोरी झाली.

जागेचे म्हणाल तर संकुलाच्या बाजूचा रुंद पदपथ आणि धारावीच्या बाजूचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान, हे दोन पर्याय कुटुंबासह जाण्यासारखे आहेत. हे उद्यान सुमारे ३७ एकरांचे असून पूर्वी तेथे शहराचा कचरा टाकला जात असे. त्या ढिगावर माती पसरून, झाडे लावून ते १९९४ साली लोकांसाठी खुले झाले. आता तेथे तांबट, दयाळ, हळद्या, फुलपाखरे आणि पलीकडे खाडीचे तिवर, असे सगळे एका फेरीत पाहता येते. सकाळी काठावर उभे राहताना सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील. मरोळ-कलिना भागात नदी विमानतळाला लागून आणि धावपट्टीखालून जाते. तेथे दुर्बीण डोळ्यांना लावून उभे राहिलात तर पक्ष्यांआधी पहारेकऱ्यांशी ओळख होईल, तेव्हा तो टप्पा सोडून द्यावा.

उत्तर २ : दहिसर नदीकाठी

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. फक्त मुलीला नदी म्हणजे काय हे दाखवायचे असेल तर एकदा तरी वरच्या अंगाला न्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दहिसर नदी तुळशी तलावापासून निघते, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वाहत बोरिवली-दहिसरच्या वस्तीत शिरते आणि शेवटी मनोरीच्या खाडीला मिळते. उद्यानाच्या आत तिचे पाणी दगडांवरून खळाळते आणि तळ दिसतो. उद्यानाच्या कुंपणाबाहेर काही अंतरातच तिचे काय होते, ते सांगण्याची गरज नाही.

या दोन टप्प्यांवरची पक्ष्यांची यादी शेजारी शेजारी मांडली की नदीची प्रकृती कळते. आतल्या दगडांवर हिवाळ्यात करडा धोबी हमखास भेटतो. पोट पिवळे, शेपूट शरीराच्या मानाने फारच लांब आणि ती हलल्याशिवाय एक क्षण राहत नाही. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर छोटा खंड्या बसलेला असतो. त्याला मासा वरून दिसला पाहिजे, म्हणून गढूळ किंवा फेसाळ पाणी त्याच्या उपयोगाचे नसते. झाडीत नोव्हेंबरनंतर स्वर्गीय नर्तक येतो, वर घिरट्या घालणारा सर्पगरुड शीळ घालत असतो, आणि पाऊस सुरू झाला की ओढ्याच्या काठावरून शीळकरी कस्तुराचे गाणे ऐकू येते. ते एकदा ऐकले की माणूस शीळ घालतो आहे या समजुतीने मागे वळून पाहिल्यावाचून राहवत नाही. मे-जूनमध्ये नवरंगही येतो. तो दिसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळच्या दोन सुरांच्या हाकेवरून अधिक कळतो.

वस्तीत आल्यावर यातले जवळपास सगळे गळून पडते आणि उरतात ते ढोकरी, गायबगळे, कावळे आणि घारी. पाण्याची घाण हे एक कारण आहेच. परंतु दुसऱ्या कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठीच्या काठाने हाहाकार उडाला, आणि त्यानंतर पुराच्या भीतीने शहरातल्या नद्यांच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती उभ्या राहिल्या. पुराची भीती खोटी नव्हती, हे मान्यच आहे. पण खंड्या आणि वेडा राघू हे मातीच्या उभ्या दरडीत बीळ खणून अंडी घालणारे पक्षी आहेत. दरडीच्या जागी काँक्रीट आले की त्यांचा निवाराच संपतो. उद्या पाणी आरशासारखे स्वच्छ झाले तरी त्या भिंतीत खंड्या घर कोठे करणार? नदी सुधारण्याच्या योजनांत पाणी किती शुद्ध केले याचे आकडे असतात. काठावर माती किती शिल्लक ठेवली हे मात्र कोणी विचारत नाही.

राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात पात्रात उतरू नका. वर डोंगरात सर आली की खाली ऊन असतानाही पाणी पाहता पाहता चढते. पायाला जखम असेल तर कोणत्याही मोसमात नाल्याच्या किंवा साचलेल्या पाण्यात पाय घालू नये. मुंबईत दर पावसाळ्यात लेप्टो या तापाचे रुग्ण का निघतात, ते तुम्हाला ठाऊकच असेल.

उत्तर ३ : नोंदवहीवाला

तुमच्या शेवटच्या शंकेबद्दल थोडे स्पष्ट बोलतो, कारण ही गैरसमजूत आता फार पसरली आहे. शेकाट्यांचा मोठा थवा हे नदी सुधारल्याचे लक्षण नाही. सांडपाण्यातून येणाऱ्या सेंद्रिय घाणीवर एका प्रकारच्या बारीक माश्यांच्या लालभडक अळ्या प्रचंड संख्येने वाढतात. पाण्यात प्राणवायू अगदी कमी असला तरी त्या तग धरतात, आणि त्यांना खाणाऱ्या मासळीला मात्र ते पाणी सोसत नाही. अळ्या भरपूर आणि वाटेकरी कोणी नाही, अशी ही मेजवानी शेकाट्यांच्या वाट्याला येते. म्हणून ते सांडपाण्याच्या तळ्यांवरही तितक्याच आनंदाने राहतात.

ठाण्याच्या खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचेही काहीसे असेच आहे. लहान रोहिताचे मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ. शहराच्या मैल्यातून येणाऱ्या पोषक द्रव्यांवर ते शेवाळ फोफावते, आणि त्यामुळेच तेथे इतके रोहित जमतात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु गुलाबी थव्याचे छायाचित्र दाखवून कोणी पाणी स्वच्छ झाल्याचे सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग पाहायचे काय? संख्या नव्हे, प्रकार पाहावेत. एकाच जातीचे शेकडो पक्षी असण्यापेक्षा मासे खाणारे, किडे खाणारे, शेवाळ खाणारे, बिळात घरटे करणारे असे निरनिराळे पक्षी एका टप्प्यावर असणे अधिक महत्त्वाचे. ज्या दिवशी कुर्ल्याच्या पुलाखाली छोटा खंड्या पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर येताना नियमित दिसू लागेल, त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटायला माझी हरकत नाही.

कुर्ल्याचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. तिथीचा हिशेब वाचून घरातले पंचांग बाहेर काढले असून येत्या पौर्णिमेच्या लगतचा रविवार ठरवला आहे. दोन शंका अजून आहेत. पवईला मगरी आहेत असे ऐकतो; तेथे मुलीला नेणे सुरक्षित आहे का, आणि कांदळवनात कोल्हे असतात हे खरे आहे का? आणि शेपटी हलवणाऱ्या त्या तपकिरी पक्ष्याबद्दल कोणीच लिहिले नाही. तिला तर त्याचेच नाव सर्वांत आधी हवे आहे. दुर्बीण घ्यायची झाल्यास कोणती घ्यावी, हेही सांगावे.

उत्तर ४ : खाडीकाठ

मगरी आहेत, पवईत आहेत आणि विहार-तुळशीतही आहेत. मिठी ही पवई आणि विहारच्या ओसंडणाऱ्या पाण्यातूनच सुरू होते, तेव्हा तुम्ही तुमच्या नदीच्या माहेरी जाणार आहात असे समजा. थंडीतल्या सकाळी अंग तापवण्यासाठी मगर काठाच्या चिखलावर किंवा लहान बेटावर तासन्तास पडून राहते, म्हणून तिला पाहायला हिवाळा उत्तम. बांधावरून किंवा रस्त्याकडच्या काठावरून पाहावे, पाण्याच्या कडेला उतरू नये, आणि जलपर्णीने झाकलेल्या काठावर तर अजिबात जाऊ नये, कारण खाली जमीन आहे की पाणी हेच कळत नाही. त्याच जलपर्णीवरून लांब बोटांचे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या चालताना दिसतील. मुलीला मगरीपेक्षा त्या अधिक आवडण्याची शक्यता आहे.

कोल्हेही खरे आहेत. मुंबईच्या कांदळवनांत सोनेरी कोल्हा राहतो, खेकडे, उंदीर आणि कचऱ्यातले खाणे यांवर गुजराण करतो, आणि संध्याकाळनंतर बाहेर पडतो. तुम्ही दिवसा जाणार असल्याने तो दिसण्याची शक्यता कमी, आणि दिसला तरी तोच आधी पळेल. उघड्या पडलेल्या चिखलात मात्र निवट्या जरूर पाहा. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत सरकतो आणि आपली सावली पडताच बिळात नाहीसा होतो, म्हणून एका जागी न हलता उभे राहावे लागते.

उत्तर ५ : नोंदवहीवाला

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असलेली घ्या. पहिला आकडा म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची दुर्बीण अधिक चांगली, असे दुकानदार सांगतील. परंतु तीत हात किंचित हलला तरी पक्षी चौकटीबाहेर जातो आणि लहान मुलाला तो सापडतच नाही. मुलीच्या हातांना ४२ मिलिमीटरची जड वाटत असेल तर ८×३२ चालेल.

आता तो तपकिरी पक्षी. दगडावर बसून शेपटीकडचा भाग अखंड वरखाली करणारा म्हणजे बहुधा सामान्य तुतारी. तो हिवाळी पाहुणा आहे आणि मुंबईत नाल्यापासून बंदरापर्यंत कोठेही भेटतो. खात्री करण्यासाठी त्याच्या खांद्याकडे पाहावे. छातीचा तपकिरी रंग आणि मिटलेला पंख यांच्या मधून पोटाचा पांढरा रंग टोकदार होऊन वर चढलेला दिसला, तर तीच. उडताना ती पाण्याला जवळजवळ चिकटून, पंख अर्धवट खाली ठेवून थरथर उडते आणि थोड्या अंतरावर पुन्हा दगडावर बसते. तिच्यासारख्याच आणखी दोन तुताऱ्या आहेत. ठिपकेवाल्या तुतारीच्या पाठीवर पांढरे ठिपके आणि डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली पांढरी भुवई असते. हिरवी तुतारी पाठीने बरीच गडद असते, तिची भुवई डोळ्यापाशीच थांबते, आणि उडताना पंखांची खालची बाजू काळपट दिसून कमरेचा पांढरा पट्टा एकदम चमकतो. या दोघींची कंबर उडताना पांढरी दिसते. सामान्य तुतारीची दिसत नाही. बसलेल्या पक्ष्यावरून शंका राहिली तर तो उडेपर्यंत थांबावे, पण त्याला मुद्दाम उडवू नये. एवढ्या लांबून आलेल्या पक्ष्याला चिखल उघडा असण्याचे थोडेच तास मिळतात.

मुलीला एक वही करून द्या. तारीख, तिथी, वेळ, पाणी चढते होते की उतरते, आणि कोणता पक्षी काय करत होता, एवढेच लिहायचे. मोबाइलवर ई-बर्डसारख्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची असल्यास तीही जरूर करावी, फक्त घरट्याची नेमकी जागा कोठेही जाहीर करू नये. पावसाळ्यात तिबोटी खंड्यासाठी कर्नाळ्याच्या बाजूला जी झुंबड उडते आणि घरट्यासमोर कॅमेऱ्यांची जी रांग लागते, ती पाहिल्यावर हे सांगणे भाग पडते. आणि पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवण्याची युक्ती कोणी शिकवली, तरी ती वापरू नये.

एप्रिलपर्यंत बहुतेक तुताऱ्या उत्तरेकडे परततात, तेव्हा हा प्रयोग पुढच्या वर्षावर ढकलू नका. पौर्णिमेलगतच्या रविवारी पुलाऐवजी संकुलाच्या पदपथावर सकाळी साडेसातपर्यंत पोहोचलात, तर पाणी चढायला लागलेले असेल.